आचारी, आचार्य आणि नमुनाशोध

डेटाबेसमधील नमुनाशोध म्हणजे शब्दाचा शोध, असे भाषाभ्यासक सामान्यतः गृहीत धरतात. हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे. नमुनाशोध तुलना करतो ती अक्षरांची नव्हे, संकेतांकांची. ‘क्षमा’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे संकेतांक ५ आणि यूटीएफ-८ संकेतनात बाइट १५ होतात. पोस्टग्रेसच्या ‘लाइक’ शोधात अधोरेषेचे चिन्ह कोणत्याही एकाच संकेतांकाशी जुळते. साहजिकच दोन अधोरेषा देऊन दोन अक्षरी शब्द मागणाऱ्याच्या हाती ‘क्षमा’ लागत नाही.

मोजणीतील या दोषाहून अर्थाची हानी अधिक गंभीर होय. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला आणि ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला. हा भेद मराठीत अर्थनिर्णायक आहे. यांपैकी पहिल्या रूपातील अर्धा ऱ तीन प्रकारे नोंदविता येतो: ऱ व हलन्तचिन्ह; र, नुक्ता व हलन्तचिन्ह; किंवा र, हलन्तचिन्ह व अदृश्य जोडक. वाचकाच्या दृष्टीने तिन्ही एकच. नमुनाशोधाच्या लेखी मात्र ती तीन निराळी रूपे आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंना एकरूप करते, तिसऱ्याला नाही. अशा वेळी संहिता ‘स्वच्छ’ करण्यासाठी अदृश्य चिन्हे सरसकट गाळली, तर आचाऱ्याचा आचार्य होतो आणि मूळ संहितेत नसलेला गुरू गणनेत अवतरतो.

भाषानिहाय क्रमनियम लावले की प्रश्न सुटेल, असा युक्तिवाद केला जातो. भिन्न संकेतांकांना समान मानणारे क्रमनियम पोस्टग्रेसने १२व्या आवृत्तीत, २०१९ साली, स्वीकारले. त्यांसह ‘लाइक’ शोध शक्य झाला तो १८व्या आवृत्तीत, २०२५ साली. तथापि युनिकोडचे सर्वसाधारण क्रमनियम जोडकाला नगण्य लेखतात. म्हणजे ज्या चिन्हावर मराठीतील अर्थभेद अवलंबून आहे, तेच येथे वगळले जाते. उपाय दुसऱ्यावर सोपवल्याने दोष नाहीसा होत नाही.

तेव्हा र, हलन्तचिन्ह व जोडक या क्रमाचे ऱ व हलन्तचिन्ह यांत रूपांतर प्रथम करावे, इतर अदृश्य चिन्हांचा विचार त्यानंतर करावा. शोधशब्दालाही हाच संस्कार द्यावा. शब्दगणनेचे निष्कर्ष मांडताना ही पद्धती नमूद करणे हा संशोधनाचा भागच मानला पाहिजे. एरवी ‘शब्द आढळला नाही’ हे विधान भाषेविषयी आहे की संकेतनाविषयी, हे वाचकाला कधीच ठरविता येणार नाही.