सणाचा स्वयंपाक : कर्ता कोण?

मराठीत पाकपुस्तकांची समीक्षा होत नाही. कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर पडदा पडण्याआधीच सुरू होते. पाकपुस्तक मात्र 'बायकांच्या उपयोगाचे' म्हणून फडताळात जाते. समीक्षकाच्या टेबलावर येत नाही. आमच्या दलित समीक्षेनेही त्याकडे पाहिलेले नाही. वास्तविक जे पुस्तक लग्नात मुलीबरोबर सासरी जाते आणि दर दिवाळीला उघडले जाते, ते केवळ पदार्थ शिकवत नाही. सण कशाला म्हणायचे, घर कशाला म्हणायचे आणि 'महाराष्ट्रीय' कोणाला म्हणायचे, हेही ते शिकवते. म्हणून ते वाङ्मय म्हणून तपासले पाहिजे.

या परंपरेतली दोन नावे ठळक आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'गृहिणीमित्रा'त मांसमासळी आहे. तेव्हा माझा प्रश्न केवळ शाकाहाराचा नाही. ओगलेबाईंचे मोठेपण मी मान्य करते. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरून त्यांनी पाककृती लिहिल्या आणि सासूच्या तोंडून 'अंदाजाने' मिळणारी विद्या कोणत्याही वाचत्या मुलीच्या हाती दिली. ज्ञान तोंडातून पुस्तकात आले की ते ज्याला अक्षर येते त्याचे होते. हे पहिल्या पिढीत पदवी मिळवलेल्या माझ्यासारखीला वेगळे सांगायला नको.

पण वाटी सर्वांची असली तरी वाटीत काय आहे? दिवाळीचा फराळ म्हणजे चकली, शेव, करंजी, शंकरपाळे, अनारसे. यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस तळणीचा आहे. कढईभर तेल किंवा तूप एकाच वेळी घरात असणे, ही त्या पाककृतीची न लिहिलेली पहिली अट आहे. ज्या घरात तेल छटाकाने येत होते आणि फोडणीला थेंब मोजून पडत होते, त्या घराला या सणाच्या व्याख्येत जागाच नव्हती. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, कपड्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचा. तीन दिवस तांदळाला हात लावायचा नाही, एवढी फुरसत भुकेला देता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. पाकपुस्तकाचे क्रियापद पाहा: पीठ चाळून घ्यावे, मोहन कडकडीत तापवून घालावे, कढई मंद आचेवर ठेवावी. मी वर्गात व्याकरण शिकवते. या प्रयोगात कर्माला मान आहे, कर्ता लुप्त आहे. कोणी चाळावे? कोणी तापवावे? तळण संपल्यावर काळी झालेली कढई कोणी घासावी, याचे तर वाक्यही नसते. 'सुगरण' हा शब्द जिच्या वाट्याला येतो ती आणि जिचे हात राखेत असतात ती, या दोघींना एका लुप्त कर्त्यात झाकून टाकण्याची सोय मराठी व्याकरणाने करून दिली आहे.

तो कर्ता आमच्या वस्तीत राहतो. पवनेच्या एका काठाला पिंपरी, दुसऱ्या काठाला काळेवाडी. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कारखान्यांच्या ओढीने आलेल्या माणसांनी इथल्या खोल्या भरल्या. पुरुष पाळीवर गेले, बायका इमारतींतून धुणीभांडी करू लागल्या. माझी आई त्यांतलीच. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तिचे वर्षातले सर्वांत कष्टाचे असत. माळ्यावरचे डबे उतरवायचे, पुसायचे, पितळ चिंचेने उजळायचे, ओट्याच्या फटीतले वर्षाचे तेल खरवडायचे. पुढे एका घरात चकलीची भाजणीही तीच भाजू लागली. डाळी किती तांबूस झाल्या की उतरायच्या, हे तिला वासावरून कळे. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरते, कमी झाले तर दाताला लागते, हेही तिला पुस्तकाशिवाय येत होते. पाहुण्यांनी चकलीची तारीफ केली की ती मालकीणबाईंच्या नावावर जमा होई. आई त्या वेळी मोरीत असे.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या आणि त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००८ साली. कायद्याने या बाईला कामगार म्हटले. मराठी वाङ्मयाने तिला अजून जाणकार म्हटलेले नाही.

इथे आपल्याच साहित्याकडेही वळले पाहिजे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनांत अन्न पानोपानी आहे; पण ते भुकेचा पुरावा म्हणून आहे. 'अक्करमाशी'त आजी शेणातले दाणे वेचते आणि त्यांची भाकरी करते. आपण ते वाचून हादरतो, आणि हादरलेच पाहिजे. परंतु ते दाणे धुणे, वाळवणे, दळणे, त्या पिठाला भाकरीचा आकार देणे ही एका बाईने मरणाच्या दारात शोधलेली पाकक्रिया आहे, असे आपल्या एकाही समीक्षकाला म्हणावेसे वाटू नये? पाकपुस्तकात कृती आहे आणि माणूस नाही. आत्मकथनात माणूस आहे आणि कृती हरवली आहे.

बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये मात्र दुसरी वाट दिसते. आषाढ महिना आला की महारवाड्यातली घरे सारवली जातात, गोडधोड होते, वर्षभर राबणाऱ्या बायकांना सणाचा श्वास मिळतो. म्हणजे आमच्याकडे सण होते आणि सणाचे स्वयंपाकघरही होते. पण बाईंनी त्याचे गोडवे गायले नाहीत. कोवळ्या वयाच्या सुनेला टोपलीभर भाकऱ्या थापायला लावणारी आणि बिघडलेली भाकरी चारचौघींत मिरवणारी सासूही त्यांनी त्याच पुस्तकात आणली. कौशल्य आणि छळ एकाच चुलीवर कसे शिजतात, हे सांगायला असे धैर्य लागते.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या पाककृती प्रथमच अशा विस्ताराने पुस्तकात आल्या: तूपदूध जवळपास नसलेल्या, बेताच्या तेलाच्या, प्राण्याचा कोणताही भाग वाया न घालवणाऱ्या. चान्यांना मराठी पुस्तकात पान मिळाले. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. ज्या वर्षी एक अन्न पुस्तकात आले, त्याच वर्षी त्याचा मोठा भाग कायद्याबाहेर गेला; योगायोग असला तरी तो वाचावा लागतो. या पुस्तकाचे मोल मोठे आहे. तरीही एक उणीव नोंदवते. त्यातला 'मी' जेवणाऱ्या मुलाचा आहे. शिजवणारी त्याच्या आठवणीतून बोलते. तिने स्वतःच्या तोंडाने बोलायचे अजून बाकी आहे.

आणि बाकी बरेच आहे. १९५६ नंतर आमच्यातल्या अनेक घरांनी दिवाळी सोडली. काहींनी पूजा सोडली, फराळ ठेवला. बोनस दिवाळीलाच होतो आणि मुलांना शेजारचा वास येतोच. गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना 'आमच्या घरचा सणाचा स्वयंपाक' लिहायला सांगितले. चाळीस वह्यांत चाळीस वेळा चकली-चिवडा आला. धपाटे, येसर, वजडी कोणी लिहिले नाही. बुद्धपौर्णिमेची खीर दोघींनी लिहिली. ही मुले खोटे बोलत नव्हती. वहीत काय शोभते, ते त्यांना पाठ होते.

काळेवाडीत दिवाळीच्या आठवड्यात बेकरीपुढे रांग लागते. बायका मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप घरून मोजून आणतात. नानकटाई भट्टीतून भाजून नेतात. भट्टी एक, ट्रे अनेक, प्रत्येक ट्रेत नावाची चिठ्ठी. सणाचा हा एकच जिन्नस असा, की ज्याची आच कोणाच्या घरची नसते. मी याला समता म्हणणार नाही; चिठ्ठीवरचे आडनाव वाचणारे डोळे रांगेत असतातच. पण एका आचेवर सर्वांचे पीठ फुलते, एवढे तरी तिथे दिसते.

आपल्या नियतकालिकांनी आता हे काम हाती घ्यावे. साठी-सत्तरीच्या बायका अजून आहेत. त्यांच्याकडून पाककृती त्यांच्याच बोलीत, मापासकट आणि मजुरीसकट लिहून घ्याव्यात. आणि लिहिताना क्रियापद बदलावे. 'भाजणी भाजून घ्यावी' असे नको. 'मी भाजणी भाजते' असे लिहावे.