स्वार्थ आणि संकेतार्थ : महाड-पोलादपूर परिसरातील महाविद्यालयीन कबड्डीचे वृत्त आणि प्रेक्षकांचे मत

एखाद्या खेळाविषयी लोक जे बोलतात आणि त्याच खेळाविषयी वृत्तपत्रे जे लिहितात, त्या दोहोंत अंतर असणे स्वाभाविक आहे. बोलणे प्रसंगाबरोबर विरून जाते, लिहिणे मागे उरते. साहजिकच लिहिणारा अधिक सावध असतो. परंतु हे अंतर केवळ सावधपणाचे न राहता विचार करण्याची एक रीतच लेखनातून गळून पडली, तर तो भाषेच्या अभ्यासाचा विषय होतो. महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुक्यांत महाविद्यालयीन कबड्डीसंबंधी जे लिहिले जाते व जे बोलले जाते, त्यांची तुलना केली असता नेमका हाच प्रकार आढळतो. येथील प्रेक्षक खेळाची चिकित्सा करतो. येथील वृत्त खेळाची नोंद करते. ही चिकित्सा नोंदीत का उतरत नाही, आणि न उतरल्याने कोणाचे काय नुकसान होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम खेळाच्या शब्दसंपत्तीकडे पाहणे इष्ट होईल. महाराष्ट्रात हुतूतू या नावाने रूढ असलेल्या या खेळाचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांना अधिक व्यवस्थित रूप दिले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. खेळाच्या नियमबद्ध रूपाच्या घडणीत मराठी भाषकांचा वाटा मोठा असल्यामुळे त्याची परिभाषा मराठीत आयती तयार आहे. चढाई, पकड, निदानरेषा, मध्यरक्षक, कोपरारक्षक, साखळी हे शब्द कोणी समिती नेमून घडविलेले वाटत नाहीत. 'लोण' हा शब्द तर आट्यापाट्यांच्या खेळातही आहे. आणि एखाद्या चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले असे आपण म्हणतो, तेव्हा खेळाचीच भाषा व्यवहारात उतरलेली असते. क्रिकेटविषयी मराठीत बोलताना बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांना जे शब्द परिश्रमाने घडवावे लागले, तसे कष्ट कबड्डीच्या लेखकास पडत नाहीत. अर्थात या विषयावरचे लेखन निस्तेज झाले, तर त्याचा दोष शब्दांच्या उणिवेवर ढकलता येणार नाही.

या भागात खेळाला प्रेक्षकही उदंड आहे. भाताची कापणी उरकली की खाचरे सपाट करून मैदाने आखली जातात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रात्रीचे सामने चालतात. ग्रामदैवतांच्या नावांनी ओळखले जाणारे संघ, सुटी काढून मुंबईहून आलेले चाकरमानी आणि मैदानाच्या कडेला दाटीने बसलेली माणसे हे तेथील नेहमीचे दृश्य होय. महाविद्यालयाच्या संघातील खेळाडू याच मैदानांवर घडलेला असतो. महाडमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले; पोलादपुरातही महाविद्यालयीन शिक्षणाची सोय पुढे झाली. सावित्रीच्या खोऱ्यातील आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवरील मुलामुलींना मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दार त्यामुळे उघडले. तोच खेळाडू गावासाठी मातीवर आणि महाविद्यालयासाठी पुष्कळदा मॅटवर खेळतो. त्याला लहानपणापासून पाहणारा प्रेक्षक त्याच्या महाविद्यालयीन खेळाविषयीही मत देण्याचा आपला अधिकार मानतो, आणि तो अधिकार अगदीच अनाठायी नाही.

२

आता वृत्ताकडे वळू. या खेळासंबंधी स्थानिक पातळीवर जे छापले जाते त्याचे तीन प्रकार पाडता येतात : उद्घाटनवृत्त, निकालवृत्त आणि अभिनंदनवृत्त. उद्घाटनवृत्तात खेळाडू जवळजवळ नसतातच. 'स्पर्धेचे उद्घाटन करण्यात आले', 'मान्यवरांचे स्वागत करण्यात आले', 'स्पर्धा उत्साहात संपन्न झाली' अशी कर्मणी अथवा कर्ता झाकणारी रचना त्यात प्रधान असते. गंमत अशी, की क्रियेचा कर्ता झाकणाऱ्या याच वाक्यांत उपस्थितांची नावे मात्र पदांसह ओळीने येतात. ज्याने काही केले तो अदृश्य आणि जो केवळ उपस्थित होता तो दृश्य, अशी ही व्यवस्था आहे.

निकालवृत्तात खेळाडू येतो. पण ठरीव विशेषणाच्या पोशाखात येतो. चढाया 'झंझावाती' असतात, पकडी 'भक्कम' असतात, लढत 'अटीतटीची' होते, एकाच्या चढायांना दुसऱ्याच्या पकडींची 'मोलाची साथ' लाभते आणि प्रेक्षकांच्या 'डोळ्यांचे पारणे' फिटते. ठरीव शब्दबंध हा स्वतः दोष नव्हे. पोवाड्यातही ठरीव विशेषणे असतात; तेथे ती गाणाऱ्याला श्वास देतात व ऐकणाऱ्याला प्रसंगाच्या ओघात धरून ठेवतात. वृत्तात मात्र ती निरीक्षणाच्या जागी बसतात. समजा, एक सामना ३२-३० असा सुटला आणि दुसरा ३२-१४ असा. दोन्ही वृत्तांतील गुणसंख्या व नावे झाकली, तर कोणते वृत्त कोणत्या सामन्याचे हे 'अटीतटी' आणि 'एकतर्फी' या दोन शब्दांखेरीज ओळखता येणार नाही. चढाई झंझावाती होती म्हणजे काय होती? हाताने गुण घेतला की पायाने? बोनस रेषा ओलांडण्यावर भर होता की कोपरा फोडण्यावर? या प्रश्नांना त्यात उत्तर नाही.

अभिनंदनवृत्त हा महाविद्यालयीन खेळाचा खास प्रकार होय. विद्यापीठाच्या स्पर्धा बहुधा दूर कोठेतरी होतात. बातमीदार तेथे जात नाही. महाविद्यालयाकडून आलेले प्रसिद्धिपत्रक हाच त्याचा आधार असतो. त्यामुळे संघ जिंकला तर वृत्त होते आणि हरला तर मौन होते. वृत्तात पदाधिकारी आधी येतात, मार्गदर्शक मध्ये आणि खेळाडू शेवटी, स्वल्पविरामांनी जोडलेल्या यादीत. मुलींच्या संघाविषयी तर एका शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. 'मुलींनीही बाजी मारली' या वाक्यातील 'ही' वरवर गौरवाचा आहे. वस्तुतः तो मुलींच्या खेळाला पुरवणीचा दर्जा देतो. मुलींच्या संघाचा सामना मुलींच्याच संघाशी झालेला असताना हे 'ही' कोणाच्या तुलनेने आले, हे वाक्यावरून कळत नाही, आणि कळण्याची कोणास आवश्यकताही भासत नाही.

३

प्रेक्षकाचे बोलणे याहून मूलतः निराळे आहे. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ मानले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. वृत्त सर्वस्वी स्वार्थात लिहिलेले असते : चढाई केली, गुण मिळविला, विजय झाला. प्रेक्षक मात्र संकेतार्थात बोलतो. 'मध्यरक्षक आत आला असता, तर साखळी पुरी झाली असती'. 'त्याने परतायची घाई केली नसती, तर दोन गुण घेतले असते'. 'बोनस घ्यायला हवा होता' ही रचना रूपाने विध्यर्थाच्या जवळची असली, तरी भूतकाळात आल्यामुळे न घडलेल्या गोष्टीचाच निर्देश करते. टीकेचे व्याकरण हे असे आहे. जे घडले त्याच्या शेजारी, जे घडू शकले असते ते ठेवल्याशिवाय गुणदोषविवेचन संभवतच नाही. साहित्याच्या समीक्षेत जे सूक्ष्म स्वरूपात घडते तेच येथे बांधावर बसून उघडपणे घडत असते.

या संकेतार्थी वाक्यांमागे खेळाचे खरे ज्ञान असते. प्रतिपक्षाचे सहा किंवा सात खेळाडू मैदानात असतील तरच बोनस गुण मिळतो. म्हणून समोर सहाजण असताना बोनस न घेता परतलेल्या चढाईविषयी तो नापसंती दाखवितो आणि समोर पाचजण उरल्यावर तीच चढाई त्याला क्षम्य वाटते. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसरीत गुण मिळविण्याची अट जेथे लागू असते, तेथे ही तिसरी चढाई कोणाच्या वाट्याला दिली यावरून तो कर्णधाराची परीक्षा करतो. कोपरारक्षकाने पाय धरला, परंतु साथीदार अंतरावर होते, तर चूक धरणाऱ्याची की न पोचणाऱ्यांची, यावर दोन पक्ष पडतात. मातीवर अनवाणी सराव केलेल्या खेळाडूचा पाय बूट घालून मॅटवर वेगळा पडतो, हेही त्याच्या मतात येते. उत्तरार्धात संघ का थकला, याचे उत्तर शोधताना तो शेवटच्या एस.टी.च्या वेळेपर्यंत जातो, कारण लांबच्या वाडीवरील मुलाचा सराव त्या वेळेने बांधलेला असतो. खेळाच्या क्रियेपासून खेळाडूच्या परिस्थितीपर्यंत जाणारी ही कारणमीमांसा होय. वृत्तात तिचा मागमूस नसतो.

तथापि प्रेक्षकमताचे उदात्तीकरण करणेही योग्य होणार नाही. त्याची स्मृती आखूड असते. गावाचा अभिमान त्याच्या निर्णयात मिसळतो. आपल्या संघाची हार पंचांच्या माथी मारण्याची त्याला सवय असते. कृतीचा दोष सांगता सांगता तो व्यक्तीच्या दोषावर, कधी घराण्यावर येतो, आणि तेथे टीका संपून निंदा सुरू होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून त्याच्या बोलण्यात 'रेडर', 'सुपर टॅकल' हे शब्द शिरले आहेत. त्यात आक्षेपार्ह काही नाही, पण दूरदर्शनवरील व्यावसायिक खेळाडूची मोजपट्टी अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लावण्याची घाई त्यांच्याबरोबरच आली आहे. प्रेक्षकाजवळ चिकित्सा आहे, शिस्त नाही. वृत्ताजवळ शिस्त आहे, चिकित्सा नाही.

४

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की तालुक्याच्या वार्ताहरास जागा थोडी, मानधन नाममात्र, आणि विद्यार्थ्यावर छापील टीका करणे अनुदारपणाचे आहे. पहिला भाग मान्य केला पाहिजे. दुसरा मात्र तपासावा लागेल. 'पकड उशिरा पडली' हे वाक्य विद्यार्थ्याचा अपमान करीत नाही; ते त्याच्या कृतीकडे गांभीर्याने पाहते. उलट 'भक्कम पकड' हे सर्वांना सारखेच वाटलेले विशेषण त्याच्याकडे पाहतच नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला जो स्थानिक वाचकवर्ग लाभला आहे, त्याच्यापुढे वृत्तपत्रे सामन्याबरोबर प्रत्येक खेळाडूचा तक्ताही ठेवतात आणि त्यात साधलेल्या फेकींबरोबर हुकलेल्या फेकींचाही आकडा असतो. तेथील व्यापारी वातावरण अनुकरणीय नाही. पण अपयशाची नोंद ही अवहेलना नव्हे, एवढे त्यावरून शिकता येते. कबड्डीच्या सामन्यातही गुणलेखक बसलेला असतो. त्याचे गुणपत्रक मात्र वर्तमानपत्रात शेवटच्या बेरजेपुरतेच पोचते.

मराठीत अशा लेखनाची परंपरा नाही असेही नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळांना रोजची हक्काची जागा मिळवून दिली आणि कबड्डी, खो-खो यांसारख्या देशी खेळांनाही विश्लेषणाचा विषय मानले. महाडचे नाव तर मराठी पत्रकारितेच्या इतिहासात फार गंभीर कारणाने नोंदले गेले आहे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि महाडला काय घडले याबरोबरच काय घडावयास हवे होते, याची चर्चा त्यातून केली. मानवी हक्काच्या त्या लढ्याशी खेळाची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु घटनेची नोंद आणि तिचा न्याय यांची फारकत होऊ न देणे ही वृत्तलेखनाची रीत या गावाच्या संदर्भातच घडली होती, हे विसरता येत नाही.

नुकसान कोणाचे होते, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ते प्रथम खेळाडूचे होते. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागते, कात्रण चालत नाही. म्हणून कात्रणाचे मोल व्यवहारात शून्य आहे असे म्हणता येईल. पण ज्या मुलीने तीन वर्षे कोपरा सांभाळला, तिचा खेळ कसा होता हे सांगणारे दुसरे कोणतेही लेखन या जगात नसते. यादीतील सातवे नाव एवढाच तिचा इतिहास उरतो. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी घरांतील कागद टिकण्याची शाश्वती नाही, आणि तोंडी स्मृती तर पाहणाऱ्यांच्या आयुष्याएवढीच. दुसरे नुकसान भाषेचे होते. खेळ पाहून कारणासहित मत मांडण्याची जी पद्धती बांधावर जिवंत आहे, ती लिहिण्यायोग्य नाही असा समज दृढ होतो. आणि प्रमाण मराठी म्हणजे सत्काराची भाषा, अशी विद्यार्थ्याची धारणा बनते. वर्गात कवितेविषयी मत विचारले असता तोच विद्यार्थी 'भक्कम' आणि 'झंझावाती' यांच्याच जातीची विशेषणे पुढे करतो, यात नवल नाही.

उपाय फार मोठा नाही. वृत्तातील दहा ओळींपैकी दोन ओळी सामना कोठे फिरला आणि तो वेगळा फिरणे कसे शक्य होते, यांना दिल्या तरी पुरे. महाविद्यालयांनी प्रसिद्धिपत्रकासोबत गुणपत्रक द्यावे, आणि हरलेल्या सामन्याचेही द्यावे. भाषाविभागांतील विद्यार्थ्यांनी प्रेक्षकांचे बोलणे टिपून त्याचा अभ्यास केला, तर मराठीतील संकेतार्थाचा एक समृद्ध नमुनासंग्रह हाती येईल. आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाला सामन्याचे वृत्त लिहू शकणारे चारदोन लेखकही त्यातूनच मिळतील.