पिस्टन धुणारा हात

इंजिनाचं काम कसं झालं, हे बहुतेक जण ते सुरू झाल्यावर आवाजावरून ठरवतात. मी ते आधीच ठरवतो, पिस्टन धुऊन फळीवर मांडलेला असतो तेव्हा. नारायणगाव, आळेफाटा, मंचर या पट्ट्यात ट्रॅक्टर, पिकअप आणि जुनी डिझेल इंजिनं बांधणारे कसबी मिस्त्री आहेत. त्यांचं खरं कसब धुण्यात दिसतं, आणि नेमकं तेच काम गिऱ्हाईक पाहत नाही.

किर्लोस्करच्या एव्ही-वन इंजिनाचा पिस्टन घ्या. विहिरीवर, नदीकाठी पाणी उपसणारं हे ५ अश्वशक्तीचं इंजिन. बोअर ८० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. म्हणजे चार स्ट्रोकच्या हिशेबानं मिनिटाला ७५० वेळा पिस्टनच्या माथ्यावर जाळ होतो. त्यात अर्धवट जळलेलं डिझेल आणि वर चढलेलं ऑइल माथ्यावर थर धरून बसतं.

चांगला मिस्त्री हा थर आधी उजेडात धरून बघतो. काजळी कोरडी, भुसभुशीत असेल तर इंजिनाला हवा कमी पडतेय. कांद्याच्या रानातल्या धुळीनं एअर क्लीनर तुंबला असेल, नाहीतर पंप डिझेल जास्त सोडत असेल. थर ओला, चिकट असेल तर रिंगा किंवा लायनर झिजून ऑइल वर येतंय. माथ्यावरच्या वाटीची एकच कड धुतल्यासारखी स्वच्छ दिसली तर नोझल गळतंय. पिस्टन बादलीत बुडाला की ही सगळी साक्ष गेली. मग नव्या रिंगा पडतात आणि जुना रोग तसाच राहतो.

धुण्यातही विवेक लागतो. कॉस्टिकचं गरम पाणी बिडाच्या ब्लॉकवरचं ग्रीस झटक्यात काढतं, पण ॲल्युमिनिअमचा पिस्टन त्यात टाकला तर बुडबुडे सुटून धातूच खाल्ला जातो. पिस्टनला डिझेलमध्ये निवांत भिजवावं आणि माथा लाकडी पट्टीनं खरवडावा. पॉलिश पेपर लावू नये. त्याची खर मऊ धातूत रुतते आणि पुढे लायनरवर ओरखडे काढते.

या कामातली सगळ्यात देखणी जागा रिंगच्या खाचेत आहे. जुनी रिंग मोडून तिचाच तुकडा मिस्त्री खाचेतून फिरवतो. माप नेमकं तेच, कडा धारदार. काळा भुगा पडत राहतो. त्यात चांदीसारखा एक कण चमकला की हात थांबतो, कारण तिथून पुढे कार्बन नाही, पिस्टन निघतोय. खाच केसभर रुंदावली तरी नवी रिंग तिच्यात हलते आणि ऑइल वर ढकलते. तो हात ज्या क्षणी थांबतो, त्याला मी दाद देतो.

माथा आरशासारखा घासून गिऱ्हाइकाला खूश करणारेही आहेत. मला त्या चकाकीचं अप्रूप नाही. मी ऑइल रिंगच्या खाचेतली बारीक भोकं उजेडाकडे धरून बघतो. प्रत्येकातून आरपार दिसलं पाहिजे. ती तुंबलेली असतील तर लायनरवरून खरवडलेलं ऑइल परत खाली जायला वाटच राहत नाही. क्रँकच्या ऑइलवाटांचंही तसंच. बूच खोलून, आत तार फिरवून, कॉम्प्रेसरची हवा मारलेली असावी, कारण तिथे उरलेला गाळ इंजिन सुरू होताच नव्या बेअरिंगवर जाऊन बसतो. हे बाहेरून कधीच दिसत नाही, म्हणून जो करतो तो मोठा कारागीर.

तुमचं इंजिन खोलायला दिलंत तर मिस्त्रींना एवढंच सांगा, की मी येईपर्यंत पिस्टन धुवू नका. त्यांच्या शेजारी बसून तो थर बघा, प्रश्न विचारा. आणि बिलात धुण्याची मजुरी वेगळी लावलेली असेल, तर ती पुरी द्या.