कडधान्ये आणि चयापचयी विकारसमूह : एका विधानाची तपासणी

कडधान्यांच्या नित्य सेवनाने चयापचयी विकारसमूहाचा, म्हणजे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’चा धोका घटतो, हे विधान आहारविषयक लेखनात इतके रूढ झाले आहे की, त्याला आधार कोणता, असे विचारणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु विधानाचा प्रसार हा त्याच्या सिद्धतेचा पुरावा नव्हे.

प्रथम संज्ञेचाच विचार करू. १९८८ साली जेरल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्यास कोणत्या विकृती एकत्र आढळतात, हे दाखवून त्यांस ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. २००१ च्या अमेरिकन निकषांनुसार कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, एच.डी.एल. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा या पाचांपैकी कोणत्याही तिहींत बिघाड असला की निदान होते. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कमरेच्या घेराची अट अनिवार्य केली. २००९ च्या संयुक्त निवेदनाने ती पुन्हा शिथिल केली. तात्पर्य, एकच मनुष्य एका व्याख्येने रोगी तर दुसरीने निरोगी ठरू शकतो. शिवाय ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देणाऱ्या मापाने रक्तदाबातील अल्पशी पण हितकर घट दिसतच नाही.

कडधान्यांच्या बाजूने शरीरक्रियेचा आधार निश्चितच आहे. डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६२ खाद्यपदार्थांची रक्तशर्करेवरील परिणामाच्या दृष्टीने तुलना केली. ग्लुकोजचा अंक १०० धरता न्याहारीच्या धान्यपदार्थांची सरासरी ६५, तर सुक्या कडधान्यांची केवळ ३१ भरली. दाण्यातील पिष्ट पेशीभित्तीत कोंडलेले असते व त्यात अमायलोजचे प्रमाण अधिक असते; त्यामुळे पचन मंदावते, हे त्याचे कारण होय.

परंतु एका जेवणानंतरची शर्करा व वर्षानुवर्षांचा रोग यांत मोठे अंतर आहे. ते अंतर प्रयोगांनी कितपत भरून काढले? २०१२ मध्ये जेंकिन्स यांनीच टाइप २ मधुमेहाच्या १२१ रुग्णांवरील तीन महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने रोज किमान एक कप कडधान्ये वाढविली, दुसऱ्याने अखंड गव्हाचे तंतुमय पदार्थ. एचबीए१सी अनुक्रमे ०.५ व ०.३ टक्क्यांनी उतरले. म्हणजे कडधान्यांचे श्रेय ०.५ नव्हे, ०.२ एवढेच. त्याच वर्षी मोलार्ड व सहकाऱ्यांनी ४० स्थूल व अतिवजनी व्यक्तींवरील आठ आठवड्यांचा प्रयोग मांडला. त्यात कडधान्ये खाणाऱ्यांचा कमरेचा घेर व रक्तदाब घटला. पण केवळ उष्मांक कमी करण्याचा सल्ला मिळालेल्यांचाही तसाच घटला. नेहमीचा आहार घेणारा तिसरा गट नसल्याने या घटीचे श्रेय कोणाला, हे सांगणे अवघड होते.

या प्रयोगांतून निघणारा खरा प्रश्न ‘कडधान्ये खाल्ली का?’ हा नसून ‘कशाच्या जागी खाल्ली?’ हा आहे. पांढऱ्या भाताचा वाटा कमी करून मटकीची उसळ वाढविणे एक, आणि तोच भात राखून वर वरणाची वाटी वाढविणे निराळे. तसेच ‘कोणत्या रूपात?’ हाही प्रश्न उरतो. अख्खे हरभरे आणि बेसनाची तळलेली शेव यांचे मूळ एक असले, तरी दळताना पेशीभित्ती भंगते व तळताना तेल शिरते. आहार-प्रश्नावलीत ही दोन्ही एकाच रकान्यात नोंदली गेली, तर निष्पन्न होणारा आकडा कोणाचाच राहत नाही. महाराष्ट्रात, जेथे कडधान्य वरण, उसळ, पिठले व फरसाण अशा नाना रूपांनी ताटात येते, तेथे हा दोष विशेषच जाणवेल.

यावरून कडधान्ये निरुपयोगी ठरत नाहीत. प्रथिने व तंतू यांसाठी त्यांचे स्थान अढळ आहे. पण ‘धोका घटतो’ असे लिहिणाऱ्या संशोधकाने व्याख्या कोणती, पर्याय कोणता व पदार्थाचे रूप कोणते, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. त्या न सांगता केलेले विधान खोटे नसले, तरी अपुरे आहे. आणि रुग्णाला दिलेला अपुरा सल्ला निरुपद्रवी असतोच असे नाही.