ठाकरांचें चित्र आणि ठाकरांचा शब्द

कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील ठाकर मराठी वाचकास ठाऊक आहे तो बहुधा गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीमुळें, किंवा तिच्यावरून जब्बार पटेल यांनीं १९७७ सालीं काढलेल्या चित्रपटामुळें. कथेची भूमि कर्नाळ्याची, म्हणजे खालापुरास लागून असलेल्या पनवेल तालुक्यांतील. परंतु माणसें तींच.

कादंबरीचें यश थोडें नाहीं. दांडेकर हे डोंगर पायांखालीं घातलेले लेखक. त्यांचा नाग्या कोणाच्या दयेचा विषय होऊन उभा राहत नाहीं. राणीमाशीशीं त्याचें वैर त्याच्या श्रद्धेंतून आणि हट्टांतून वाढतें. आणि नवऱ्यास सोडून आलेली चिंधी! आमच्या पांढरपेशा कादंबऱ्यांतील किती नायिका तिच्याइतक्या मोकळ्या आहेत?

तरीहि एक गोष्ट खटकते. हें चित्र काढणारा हात ठाकराचा नव्हे. ल. ना. चापेकर यांनीं ठाकरांवर परिश्रमपूर्वक लिहिलेला ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला, तोहि इंग्रजींत. ज्यांच्याविषयीं तो लिहिला, त्यांपैकीं किती जणांस तो वाचतां आला असता? दोष या लेखकांचा नव्हे. एका चांगल्या पुस्तकावर तृप्त होऊन स्वस्थ बसणाऱ्या आम्हां वाचकांचा आणि प्रकाशकांचा आहे.

शिवाय ‘आदिवासी’ या एका शब्दाखालीं आम्ही सर्वांस कोंबतों. ठाकर वेगळे, कातावरून ज्यांचें नांव पडलें ते कातकरी वेगळे. गणेश देवी यांच्या पुढाकारानें झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र-खंड अरुण जाखडे यांनीं २०१३ सालीं संपादिला. त्यांत या बोलींना स्वतंत्र स्थान मिळालें, हें फार चांगलें झालें.

परंतु नोंद म्हणजे साहित्य नव्हे. आमच्या पुष्कळशा प्रादेशिक कादंबऱ्यांत संवाद बोलींत आणि निवेदन प्रमाणभाषेंत असतें. म्हणजे पाहणाऱ्याची भाषा एक आणि पाहिला जाणाऱ्याची दुसरी. उद्यां एखाद्या ठाकर शिक्षकाचें हस्तलिखित संपादकाकडे आलें, तर त्याचें निवेदन ‘शुद्ध’ करण्याचा मोह प्रथम होईल. तो आवरावा. अडणाऱ्या शब्दांचे अर्थ शेवटीं द्यावे. ज्ञानेश्वरी वाचतांना कोश उघडण्यास आम्ही कुरकुरत नाहीं. आणि पुस्तकाची किंमत वाडीवरच्या माणसास परवडेल अशी ठेवावी.