सुसर आणि सूँस : वन्यजीवलेखनातील नावांचा प्रश्न

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून आजही ऐकू येते. तेथून चंबळेचा काठ मोटारीने दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे आणि हिवाळ्यात त्या काठावर सुसर खरोखरच ऊन खात पडलेली असते. परंतु म्हणीतील सुसर ती हीच, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. तिला ती हिंदीतून ‘घडियाल’ म्हणून ओळखतात. मराठीतले घड्याळ मात्र भिंतीवर असते! मराठी वन्यजीवलेखनाचा विचार एकदा या अंगानेही व्हावा असे वाटते.

या लेखनात व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ही दोन नावे अग्रभागी येतात. ‘नागझिरा’ (1979) आणि ‘सत्तांतर’ (1982) यांत माडगूळकरांचे बळ पाहण्यात आहे. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेची झुंज ते माणसाच्या नीतीचे माप न लावता सांगतात. 2025 मध्ये दिवंगत झालेल्या चितमपल्लींचे बळ नाव देण्यात आहे. विदर्भातील अरण्यांत वनाधिकारी म्हणून वावरताना त्यांनी तेथील रहिवाशांच्या तोंडचे शब्द वेचले आणि बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’सारखे नवे शब्दही घडविले. लोकसमजूत आणि निरीक्षण यांतील सीमारेषा ते नेहमीच स्पष्ट आखत नाहीत, हा त्यांच्या लेखनातील उणा भाग होय. तरीही मराठी वाचकाला अरण्यात बोलता येईल अशी भाषा त्यांनी दिली, हे ऋण मोठे आहे.

मात्र ही भाषा चंबळेच्या बेहडांत, त्या मातीच्या तुटलेल्या कड्यांखाली, आपल्याला कितपत पुरते? पाण्याला चोच लावून उडणाऱ्या पक्ष्याला मराठीत ‘पाणचिरा’ म्हणतात. तो येथे तंतोतंत लागू पडतो. ‘पाणमांजर’ही चालते. अडचण येते ती सुसरीपाशी. संस्कृत ‘शिशुमार’ या एकाच शब्दापासून मराठीत ‘सुसर’ झाली आणि हिंदीत ‘सूँस’ झाला. पण सूँस म्हणजे गंगेच्या खोऱ्यातील डॉल्फिन, ज्याला 2009 मध्ये राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले. हे दोन्ही प्राणी चंबळेत एकाच पाण्यात राहतात. मराठी माणसाने नावाड्याला ‘सुसर कुठे आहे?’ असे विचारले, तर त्याने डॉल्फिनच्या डोहाकडे बोट दाखविणे अगदी शक्य आहे.

दुसरी अडचण भावनेची. म्हणीतील सुसर माणसाला गिळणारी आहे, म्हणून तिची खुशामत करायची. चंबळेतील सुसरीचा जबडा अरुंद, मासे धरण्यापुरता. प्रौढ नराच्या नाकपुडीवर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरूनच ‘घडियाल’ हे नाव पडले. वाळूत घातलेली अंडी पावसाळ्याच्या तोंडाशी फुटतात, आणि पिलांच्या घोळक्यावर नर पहारा ठेवतो. 2007-08 च्या हिवाळ्यात या नदीत शंभरावर सुसरी मेल्या. आजही ज्या वाळूत तिची अंडी असतात, तीच वाळू चोरून उपसली जाते. आपली म्हण तिला भिते. वस्तुतः भिण्याचे कारण तिलाच अधिक आहे.

तेव्हा चितमपल्लींचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यांचे शब्द उचलण्यापेक्षा त्यांची रीत उचलावी. ज्या भूमीत राहतो, तेथील कोळी-नावाड्यांना विचारून नाव घ्यावे आणि प्राणी डोळ्यांनी पाहून ते पारखावे. ‘घडियाल’, ‘सूँस’, ‘बेहड’ हे शब्द मराठीत घेतल्याने ती बाटत नाही. चंबळ तर इंदूरजवळच्या महूच्या डोंगरात उगम पावते. माळव्यातील मराठी माणसाला ती परकी कशी? पिढ्यान्‌पिढ्या या नदीच्या प्रदेशात राहूनही तिच्या जिवांना आपल्या भाषेत हाक मारता येत नसेल, तर आपली मराठी येथे वस्तीला आली, रहिवासी झाली नाही, असेच म्हणावे लागेल.