मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द : एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठीच्या शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त व अनुकरणवाचक असे तीन प्रकार सांगितले जातात. पहिले दोन प्रकार शब्दाच्या रूपावरून, तर तिसरा अर्थावरून ठरविलेला आहे. कसोटी अशी मध्येच बदलत असल्याने 'कडकड', 'गडगड', 'किणकिण' यांसारखे शब्द परीक्षेतील एखाद्या गुणाच्या प्रश्नापुरते उरतात. काव्यसमीक्षेतही त्यांची दखल बहुधा 'नादमाधुर्य' या एका शब्दात घेतली जाते. हे शब्द नादाचे अलंकरण नसून मराठीच्या अर्थरचनेचे घटक आहेत, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

अनुकरणाचा वाद

हा वाद प्राचीन आहे. 'काक' हे नाव ध्वनीच्या अनुकरणातून आले असून पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे यास्काने 'निरुक्ता'त म्हटले आहे. असे अनुकरण नसतेच, हे औपमन्यवाचे विरुद्ध मतही त्याने तेथेच नोंदविले आहे. सोस्यूरची व्याख्याने १९१६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. असे शब्द संख्येने अल्प असतात आणि तेही भाषिक संकेताच्या अधीन असतात, हे त्याचे मत होय. यातील दुसरा भाग मराठीलाही लागू पडतो. रिकाम्या भांड्याचा 'खडखडाट' तिजोरीच्या रितेपणाचा वाचक होतो. उपवास आणि बंद दोन्ही 'कडकडीत' असतात. पहिला भाग मात्र मराठीपुरता तरी स्वीकारता येत नाही. एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, अशा शब्दांची घडण भारतातील आर्य व द्राविड या दोन्ही कुलांतील भाषांचे समान वैशिष्ट्य आहे. त्यांना भाषेच्या कडेवरचे अपवाद मानणे येथे शक्य नाही.

व्याकरणिक व्यवस्था

या शब्दांना स्वतःचे व्याकरण आहे. 'टपकन' म्हटले की एकच थेंब पडतो. 'टपटप' म्हटले की पडणे चालू राहते. '-कन' हा प्रत्यय क्षणिक क्रिया दाखवितो, तर द्विरुक्ती अखंड क्रिया दाखविते. स्वरबदलही अर्थवाही असतो. 'खणखण' व 'किणकिण' यांतील दुसरा नाद बारीक व नाजूक वाटतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांत ध्वनीच नाही असे शब्दही याच नियमांनी चालतात. 'कडकड'वरून 'कडकडाट' व 'कडकडीत', तसेच 'लखलख'वरून 'लखलखाट' व 'लखलखीत'. 'धाडकन' दार आपटते, 'लखकन' वीज चमकते. प्रकाशाला आवाज नसतो. मग 'लखलख' कशाचे अनुकरण करते? अर्थात, येथे ध्वनीचे नव्हे, तर अनुभवाच्या घाटाचे अनुकरण आहे. म्हणून 'ध्वन्यनुकारी' ही संज्ञाच या वर्गाला अपुरी पडते.

वेदनेची भाषा

याचा सर्वांत ठळक प्रत्यय शरीराच्या भाषेत येतो. डोके ठणकते किंवा भणभणते, जखम ठसठसते, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळते, पोटात मळमळते. यांपैकी एकाही क्रियेचा आवाज बाहेरच्याला ऐकू येत नाही. तरीही ठणकणे आणि चुरचुरणे यांची अदलाबदल कोणीही मराठी भाषक करणार नाही. रुग्णाचे 'ठसठसतंय' हे सांगणे केवळ 'वेदना' या शब्दाने नोंदविले, तर वेदनेची जात आणि लय दोन्ही हरवतात. एका अक्षराच्या द्विरुक्तीत साठलेले हे ज्ञान आहे. प्रमाण लेखनात अशा शब्दांना 'बोलीतले' म्हणून बाजूला सारताना आपण ते ज्ञानच नाकारीत असतो.

समारोप

सारांश, कवितेतील 'झुळझुळ'ला नादमधुर म्हणून पुढे जाणे ही समीक्षेची सुरुवात ठरेल, समाप्ती नव्हे. त्या जागी 'खळखळ' का आले नाही, हा प्रश्न विचारताच पाण्याचा वेग, पात्रातील दगड आणि पाहणाऱ्याची मनःस्थिती यांचा विचार करावा लागतो. अध्यापनातही प्रकार ओळखण्याऐवजी असा पर्यायी शब्द ठेवून पाहण्याचा स्वाध्याय दिल्यास, विद्यार्थ्याला घरून येतानाच अवगत असलेली ही संपत्ती अभ्यासाचा विषय होऊ शकेल.